मोसंबीचे डोळे

परभणीच्या शेतकी कॉलेजच्या नर्सरीत दगडाबाई दहा वर्षं रोजंदारीवर होती. पाणी घालणं, खुरपणं, कुंड्या उचलून इकडच्या तिकडं करणं हे तिचं काम. पण हिवाळ्यात मोसंबीचे डोळे भरायचे दिवस आले की पगारी माळीसुद्धा आपला चाकू गुमान तिच्या हातात द्यायचे. जंबेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, रोपाची साल चिरून त्यात मोसंबीच्या फांदीचा डोळा बसवायचा आणि वरून पट्टीनं बांधायचं. डोळा जगला तर पुढं त्या रोपाचं मोसंबीचं झाड होतं. दगडाबाईनं भरलेला डोळा सहसा मरत नसे.

१९७५ च्या मे महिन्यात कॉलेजच्या फळ्यावर एक कागद लागला. माळी प्रशिक्षणाचा एक वर्षाचा वर्ग निघणार होता. नऊ महिने कॉलेजात शिकायचं आणि शेवटचे तीन महिने सरकारी रोपवाटिकेत उमेदवारी करायची. कुणीतरी तो वाचून दाखवल्याबरोबर दगडाबाई हातातला हंडा खाली ठेवून सरळ ऑफिसात गेली. कारकुनानं शिक्षण विचारलं, तर तिनं आजवर किती रोपं बांधली ते सांगितलं. माणूस काही वाईट नव्हता. त्यानं समजावून सांगितलं की निदान चौथी पास पाहिजे आणि वय पंचविसाच्या आत पाहिजे. दगडाबाई पन्नाशीला आलेली, सही म्हणून अंगठा लावणारी. ती परत येऊन पाणी घालायला लागली.

संध्याकाळी घरी तिची सून सरजा भाकरी थापत होती. दगडाबाई चुलीजवळ टेकली आणि म्हणाली, "का गं सरजे, तू चौथी पास हाईस न्हवं?"

"व्हय. का, आत्याबाई?"

"मग उद्या पोखर्णीला जाऊ. तुझा दाखला काढायचाय."

सगळं ऐकल्यावर सरजा घाबरली. तिला चोविसावं लागलेलं. शाळा सुटून चौदा वर्षं झाली होती, आणि झाडांमधलं तिला कापसापलीकडं काही कळत नव्हतं. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. रंगनाथ स्टेशनवर कापसाच्या गाठी चढवायचं काम करायचा. आईनं एकदा मनावर घेतलं की कुणाचं चालत नाही हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. जाऊन तर बघ, एवढंच तो म्हणाला आणि भाकरीकडं वळला. तीन वर्षांच्या मंगलला दगडाबाई नर्सरीत आपल्याजवळ सांभाळणार, हेही बोलता बोलता ठरून गेलं.

पोखर्णी हे सरजाचं माहेर. शाळेच्या हेडमास्तरांनी कपाटातून जुनं रजिस्टर काढलं, धूळ झटकली आणि सत्तावन सालच्या जूनचं पान उघडलं. सरजा लक्ष्मण, असं नाव होतं. जातीच्या रकान्यात आधी लिहिलेला एक शब्द शाईनं खोडलेला होता, त्याच्या वर 'बौद्ध' असं लिहिलं होतं आणि शेजारी तेव्हाच्या गुरुजींची बारीक सही होती. हेडमास्तर त्या खाडाखोडीकडं बघत राहिले. सरजाला एकदम आठवलं. ती सहा वर्षांची, बापाचं बोट धरून टेबलाशी उभी होती. बाप कधी कुणापुढं मोठ्यानं बोलायचा नाही. त्या दिवशी मात्र तो शब्द बदलल्याशिवाय तो टेबलापासून हलला नव्हता. बाप जाऊन दोन वर्षं झाली होती. हेडमास्तरांनी दाखल्यावर 'बौद्ध' लिहिलं, शिक्का मारला आणि कागद तिच्या हातात दिला. परतीच्या एसटीत तिनं तो पदराखाली धरून ठेवला होता.

दरखास्त गेली, बोलावणं आलं. मुलाखत घेणारे नागप्पा मास्तर वर्गाचे मुख्य शिक्षक होते. कपाळावर भस्माचे पट्टे, हाताला कायम माती, बोलणं मोजकं. बाईमाणसानं या वर्गाला अर्ज केलेला त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता. झाडावर चढावं लागतं, फवारणीचा पंप पाठीवर घ्यावा लागतो, असं त्यांनी सांगून पाहिलं. सरजा सगळ्याला हो म्हणत गेली.

"तुझ्या सासूचा हात मला माहीत आहे," शेवटी ते म्हणाले. "तुला काय येतं?"

"मला अजून काई येत न्हाई. लिहिता-वाचता येतंय."

मास्तरांनी यादीत अठरावं नाव लिहिलं. बाकीचे सतराही पुरुष होते.

जुलैत वर्ग सुरू झाला. पहिल्याच दिवशी सरजा वही घेऊन वाफ्याच्या कडेला बसली होती आणि समोरून दगडाबाई डोक्यावर हंडा घेऊन आली. सासू पाणी वाहतेय आणि आपण बसलोय, हे सरजाला सोसेना. ती हंडा घ्यायला उठली.

"बस खाली," दगडाबाई दबक्या आवाजात म्हणाली. "तू आता शिकायलीस."

सरजा बसली, पण तो महिना तिला जडच गेला. वाफे, खतं, औषधांची इंग्रजी नावं हे ती घोकून पाठ करी. पोरं सुरुवातीला तिच्यापासून लांब बसायची. पुढं त्यांना तिच्या वहीची गरज पडायला लागली, कारण मास्तर भराभर सांगत आणि तेवढ्याच भराभर लिहून घेणारी वर्गात ती एकटीच होती.

डिसेंबरात डोळे भरणं शिकवायला घेतलं. प्रत्येकाला जंबेरीची वीस रोपं मिळाली. सरजानं आधी वीस डोळे नीट कापून पानावर ओळीनं मांडले, मग एकेका रोपाला चीर पाडून ते बसवले. काम देखणं झालं होतं. तीन आठवड्यांनी मास्तर तपासायला आले. डोळ्याखाली राखलेल्या पानाच्या देठाला ते बोट लावायचे. देठ अलगद गळून पडला तर डोळा जिवंत, वाळून चिकटून राहिला तर मेला. सरजाच्या विसातले दोनच देठ गळले. मास्तर रागावले नाहीत. त्यांनी तिच्या नावापुढं '२' लिहिलं आणि पुढच्या ओळीकडं गेले. बाकीच्यांचे दहा-बारा जगले होते.

घरी आल्यावर तिनं सासूला विचारलं. दगडाबाईनं लिंबाची काडी घेतली आणि चाकू चालवून दाखवला.

"असं."

"असं म्हंजी कसं?"

"असं म्हंजी असंच. हाताला कळतंय की."

दोघी चिडल्या आणि त्या दिवशी एकमेकींशी बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी वर्गाला सुट्टी होती, पण नर्सरीत काम चालू होतं. सरजा सासूच्या मागं वही घेऊन बसली. दुपारपर्यंत दगडाबाईनं साठ रोपं भरली आणि सरजानं साठही पाहिली. जे दिसलं ते लिहिलं. फांदी पहाटे दव असताना तोडून ओल्या पोत्यात गुंडाळलेली. चीर आधी, डोळा नंतर. कापलेला डोळा खाली कुठंच ठेवायचा नाही. चाकू फिरवून सालीचं तोंड उघडेपर्यंत तो ओठात धरायचा. पट्टी खालून वर, डोळा तेवढा उघडा.

रात्रीची भांडी आवरल्यावर तिनं ते सासूला वाचून दाखवलं. दुसऱ्याच कुणा बाईची हकिगत ऐकावी तशी दगडाबाई ऐकत होती.

"मी तोंडात धरते?"

"दर येळंला."

दगडाबाईनं ओठांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "आनखी वाच."

जानेवारीत पुन्हा वीस रोपं मिळाली. या वेळी सरजाचे सतरा डोळे जगले. नागप्पा मास्तरांनी पुन्हा एकदा सगळ्या देठांना बोट लावून पाहिलं आणि आधी काय चुकत होतं ते विचारलं. पानावर मांडून ठेवलेले डोळे वाळून जात होते, असं सांगून सरजानं वही पुढं केली. मास्तरांनी उभ्यानंच ते पान दोनदा वाचलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दगडाबाईला हंडा ठेवून वर्गापुढं बोलावलं.

"बाई, तुम्ही करा," ते म्हणाले. "सून वाचील. तिच्या वाचण्याच्या चालीनं करा."

एरवी मास्तर तिला 'दगडा' म्हणायचे. दगडाबाईनं हात पदराला पुसले. सरजा एकेक वाक्य वाचत गेली आणि सासू, आयुष्यात पहिल्यांदा, सावकाश चाकू चालवत गेली. सतरा पोरं वाकून बघत होती. काम झाल्यावर एकानं विचारलं की चीर किती खोल जाऊ द्यायची, आणि दगडाबाईनं त्याचं बोट धरून ते सालीवर दाबून दाखवलं. त्या हिवाळ्यात मास्तरांनी तिला आणखी चार वेळा बोलावलं.

एप्रिलात उमेदवारी सुरू झाली. सरजाला जिंतूरची रोपवाटिका मिळाली. सकाळच्या पहिल्या एसटीनं जायचं, दिवस मावळता परत यायचं. पहिल्या दिवशी तिथल्या प्रमुखांनी डोळे जगलेल्या चारशे रोपांचे वाफे तिच्या स्वाधीन केले. जंबेरीचे शेंडे आता छाटायचे होते, म्हणजे सगळा जोर मोसंबीच्या फुटव्याला मिळतो. हाताखाली तीन बायका होत्या. त्यांतली वयानं मोठी कस्तुराबाई, तिनं विचारलं की तुम्हाला काय म्हणायचं. सरजाबाई म्हणा, असं तिनं सांगितलं आणि कात्री उचलली. पहिला शेंडा छाटताना हात जरा थबकला. जिवंत, हिरवंगार खोड कापून टाकायचं होतं. पण बोटभर फुटवा खाली स्वच्छ दिसत होता. तिनं त्याच्या वर तिरका काप घेतला आणि पुढच्या रोपाकडं वळली. दुपारपर्यंत कस्तुराबाईलाही ते जमायला लागलं.

जूनच्या अखेरीस परीक्षा झाली. सरजा चौथ्या नंबरानं पास झाली आणि दिवाळीच्या आधी तिला जिंतूरलाच माळी म्हणून नेमणुकीचा कागद आला. रंगनाथनं जिंतूरच्या बाजारात हमालीचं काम बघितलं आणि बिऱ्हाड हललं. दगडाबाईला त्यांनी सोबत चला म्हणून आग्रह केला, पण तिनं परभणी सोडली नाही. डिसेंबर जवळ आलाय आणि मास्तरांची नवी पोरं आलीत, असं तिचं म्हणणं पडलं.

संक्रांतीनंतर एकदा ती जिंतूरला येऊन गेली. चहा झाल्यावर वाफ्यावाफ्यातून हिंडली, वाकून एकेक रोप पाहत राहिली आणि दोन ठिकाणी थांबून म्हणाली, "ह्या पट्ट्या सैल कर. खोड फुगायलंय." सरजानं बरं म्हटलं. मग दगडाबाईनं मंगलला कडेवर घेतलं, चार दिवसांसाठी नातीला परभणीला नेते म्हणाली, आणि दुपारची एसटी गाठायला निघाली.