आबांनी ठोकलेला प्लग

दुसरा तास चालू असताना नवऱ्याचा फोन आला, "आबा गेले." आबा म्हणजे माझे सासरे. खडू खाली ठेवला तेव्हा नखांत स्कूटरच्या प्लगची काजळी दिसली. त्या सकाळीही आबांनी त्यांचं काम करून ठेवलं होतं आणि मी कशीबशी वेळेत पोचले होते. रडू आलं नाही. कशाला खोटं सांगू?

दिवसकार्याला सगळी गल्ली म्हणत होती, "काय माया हो आबांची! रोज सकाळी सुनेच्या गाडीशी बसलेले असायचे." बसायचे, खरंच. कशासाठी, ते आता ऐकाच.

स्कूटर माझ्या वडिलांची, जुनी. मला नोकरी लागली तेव्हा त्यांनी अमळनेरहून धुळ्यापर्यंत स्वतः चालवत आणून दिली. माझी शाळा साक्री रस्त्यावरच्या खेड्यात, आणि एसटी पोचायची शाळा भरल्यावर. नोकरी तेव्हा कच्ची होती. उशिरा येणारीला ठेवणार नाही, असं मुख्याध्यापकांनी तोंडावर सांगितलेलं. त्यात सुनेनं घराबाहेर पडणं आबांना पहिल्यापासून खुपायचं. थोड्याच दिवसांत गाडी रुसायला लागली. किका मारून पाय भरून यायचा, आडवी करून बघावी तरी ढिम्म. शेवटी कोपऱ्यावरच्या मिस्त्रीनं प्लग काढून माझ्यासमोर धरला. "ताई, हाऊ प्लग कोनी ठोका? गॅप बठ्ठी बंद शे." टोकावरची वाकडी पट्टी खाली चेपलेली, ठिणगीला उडायला जागाच नाही. त्यानं पट्टी उचलून दाखवली आणि लोखंड कापायच्या करवतीच्या पात्याचा तुकडा हातात दिला. हे पातं फटीतून जरासं अडकत गेलं पाहिजे, मग गॅप बरोबर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर बाहेर आले, तर आबा ओट्याच्या दगडावर प्लग ठोकत होते. टक्, टक्.

"आबा, हे काय?"

"साफ करस. जुनी गाडी शे, दम खाऊ दे तिले. तू बी घरच बस आज."

अंगाची लाही लाही झाली माझ्या. नवरा म्हणाला, इंजिनाच्या झाकणाला कुलूप लावू. बापाला बोलायची मात्र हिंमत नाही! मी कुलूप लावलं नाही. माझ्या वडिलांची गाडी, मी कशाला लपवू? मग आबा ठोकायचे, मी पान्यानं प्लग काढून गॅप उघडायची. वर्षानुवर्षं, एक शब्द न बोलता. नोकरी पक्की झाली, तरी म्हातारा थांबला नाही. सगळे म्हणायचे नवी गाडी घे. घेतली असती तर आबा जिंकले असते ना...

सुतक संपल्यावर शाळेला निघाले. झाकण उघडलं, प्लग काढला, पातं घातलं. जरासं अडकत गेलं. मी ठेवली होती तेवढीच गॅप, कुणी हात लावला नव्हता. इतका संताप आला की प्लग घेऊन तिथेच ओट्यावर बसले. दगडाला बारीक बारीक खळगे पडलेत, ते आबांचे.

माफ केलेलं नाही मी. पण रोज सकाळी प्लग काढून बघते. रोज गॅप बरोबर असते, गाडी एका किकमध्ये चालू होते, प्लगसाठी राखलेला वेळ उरतो, आणि मी शाळा उघडायच्या आधीच पोचून बंद फाटकाबाहेर उभी राहून आबांवर चिडत बसते.