अकरा जणींचा नाश्ता

टेक्सासच्या सीमेवरच्या त्या नदीकाठच्या गावात हर्लिंडा साएन्सचा शब्द सहसा कुणी मोडत नसे. सत्तावीस वर्षं तिने शाळेचं स्वयंपाकघर चालवलं; तीनशे पोरं तिच्या एका नजरेच्या धाकात मुकाट जेवायची. मधुमेह घरात सगळ्यांनाच. म्हणून गावातल्या मधुमेह संशोधन केंद्रातले लोक दर दोन वर्षांनी बोलवायचे आणि ती धाकट्या बहिणीला, अंपारोला, घेऊन जायची. उपाशीपोटी रक्त द्यायचं, मग केंद्रातच मिळणारे, पोळीत अंडं-बटाटा गुंडाळलेले गरम टाको खायचे आणि घरी. रक्तात काय निघालं ते मात्र कुणालाच सांगायचे नाहीत. नियमच तसा, म्हणे!

मार्चमध्ये अंपारो हृदयविकाराच्या झटक्याने गेली. छातीत जळजळतंय म्हणत होती, तर हर्लिंडानेच तिला मिरची कमी खा म्हणून दटावलं होतं. ते तिच्या जिवाला लागून राहिलं.

सप्टेंबरमध्ये ती केंद्रात गेली, तर भिंतीवर हा मोठा कागद, संशोधनात काय सापडलं ते सांगणारा. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ट्रोपोनिन नावाचं प्रथिन रक्तात उतरतं. मधुमेह्यांच्या साठवलेल्या रक्तात ते जरा जरी वाढलेलं दिसलं, तरी पुढे झटक्याचा धोका जास्त. तिने नर्स यादिराला विचारलं, अंपारोचं रक्त यात होतं का? यादिरा खाली बघत हो म्हणाली. वाढलेलं होतं?

"ते मला सांगता येत नाही, मावशी."

हर्लिंडाचं डोकंच फिरलं. तिने टेबलावरचा टाको उचलला आणि सगळ्यांसमोर मोठा घास घेतला. झालं, आता तिचं रक्त घेऊन उपयोग नाही. रांगेतल्या एका बाईने टाकोकडे हात पुढे केला, मग दुसरीने. दहा मिनिटांत अकरा जणी खाऊन मोकळ्या! मोठे डॉक्टर धावत आले.

"आमच्या रक्तातला आकडा आम्हाला कळेपर्यंत," ती म्हणाली, "आम्ही नाश्ता करूनच येणार."

आकडा कळला की माणसं उगाच घाबरतात, असं डॉक्टरांनी समजावलं. घाबरू द्या की, हर्लिंडा म्हणाली, घाबरलेलं माणूस निदान दवाखान्यात तरी जातं.

तीन महिने भांडण चाललं. अखेर नियम बदलला, तिने उपाशीपोटी रक्त दिलं आणि पहिलं पत्र तिलाच आलं. आकडा वाढलेला होता. ते वाचून तिची मुलगी रडायला लागली.

"रडतेस काय?" हर्लिंडाने पत्राची घडी करून पर्समध्ये टाकली. "अंपारोला पत्र आलंच नव्हतं. गाडी काढ."