गर्दीत सुटलेला हात

हे मी कुणाजवळच बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, पोरांजवळ तर नाहीच. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून कदाचित जमेल... बघते.

आमचं गाव राहुरीजवळ. लढाईचे दिवस होते, रॉकेल मिळत नव्हतं. माझी कूस उजवत नव्हती, म्हणून थोरल्या जाऊबाई मला रामनवमीला शिर्डीला घेऊन गेल्या. त्यांना मी नुसतं 'बाई' म्हणायची. स्वतःची दोन्ही पोरं सासूबाईंपाशी ठेवून त्या माझ्यासाठी आल्या होत्या. त्या घरात मला जीव लावला तो त्यांनीच.

शिर्डीच्या गर्दीत मी हरवले — हे सगळ्या गावाला माहीत आहे. पण मी हरवले नव्हते.

आदल्या दिवशी पाण्यावर एक म्हातारी भेटली. खांद्यावर घोंगडी, हातात गाडगं. "कुठल्या गावच्या?" विचारलं तर हसली. "आज हितली. उद्याचं उद्या." तिला घर होतं, लेक होता, शेत होतं. कुणी हाकललं नव्हतं. चालावंसं वाटलं म्हणून निघाली होती. नुसतं वाटलं म्हणून? बाईमाणसाला असं निघता येतं? माझ्या डोक्यातून ते जाईना.

दुसऱ्या दिवशी रेटारेटीत बाईंनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. पुढं ती म्हातारी चाललेली दिसली. मी मनगट पिळलं, सोडवून घेतलं आणि वाकून माणसांमधून निघाले. मागून हाक आली, "गंगू! अगं गंगू!" मी वळले नाही.

पुढचे महिने — कसं सांगू? गोदावरीच्या काठाकाठानं हिंडलो. कुणी घालेल ते खायचं, देवळात नाहीतर धर्मशाळेत पडायचं. टाचा फुटल्या, उपास घडले. पण सकाळी उठून कुठली वाट धरायची ते मी ठरवायची! कुणाची सून नाही, कुणाच्या तोंडची वांझ नाही. त्या हिंडण्याचा मला पस्तावा झाला नाही. हेही आजच बोलते आहे.

पुणतांब्याला घाटावर बसलो होतो. पायऱ्यांवरून बाई उतरल्या. अनवाणी, ओठ फुटलेले. दिसेल त्या बाईला विचारत होत्या, "माजी जाऊ पाह्यली का वो? सावळी हाय, हनुवटीवर गोंदलेलं हाय. माज्या हातनं सुटली."

मी पदर तोंडावर ओढून म्हातारीच्या आड झाले. बाई अगदी जवळ येऊन थांबल्या. म्हातारीलाही विचारलं. तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं. "न्हाई बया," म्हणाली.

बाई पुढं गेल्यावर तिनं मला विचारलं, "तुजीच ना गं ती? जा तिच्यासंगं. मी लेकाला सांगून आल्ये. येशीपतोर सोडाया आला हुता मला."

मी उठले का? नाही उठले.

पावसाळ्यात म्हातारी तापानं गेली. एकटीनं हिंडायची माझी छाती झाली नाही. घरी परतले.

अंगणात गाव गोळा झालं. मागं काय घडलं ते तेव्हा कळलं. माझ्या पोटी वाटणीला दुसरा धनी यायला नको म्हणून बाईंनी मला मुद्दाम सोडलं, असं सासूबाईंनी धरून ठेवलं होतं. बाईंच्या हातचं पाणीही त्या पीत नव्हत्या. थोरल्या दिरांनी बाईंना चारचौघांत मारलं होतं.

मला बघून बाई धावत आल्या, गळ्यात पडून रडल्या. "सांग गंगू, यास्नी सांग कसं झालं."

सासूबाईंनी विचारलं, "हात कुणी सोडला?"

रेटारेटीत सुटला, एवढं म्हटलं असतं तरी बाई सुटल्या असत्या. पण मग पुढचा प्रश्न आला असता — मग इतके महिने कुठं होतीस? का आली नाहीस? त्याला माझ्यापाशी उत्तर नव्हतं. म्हणजे होतं. ते घरात घेण्यासारखं नव्हतं.

मी म्हणाले, "बाईंनी. ढकललं मला. परत घरी आलीस तर बघ, म्हणाल्या."

बाईंनी माझ्या खांद्यावरचा हात काढून घेतला. नुसत्या बघत राहिल्या. काय बघत होत्या? मला आजही ठाऊक नाही.

त्यांना जामखेडला माहेरी धाडलं. पोरं ठेवून घेतली. परत कधी आणलंच नाही. पोरं माझ्या हाताखाली वाढली, मला आई म्हणू लागली. मी म्हणू दिलं.

थोरल्या नामदेवाला मिसरूड फुटलं तेव्हा जामखेडहून माणूस आला — बाई गेल्या. दारातच नामदेव म्हणाला, "मी न्हाई जायाचा. तिनं तुला मरायला सोडलं हुतं, आई."

मी चुलीपुढं भाकरी थापत होते. वर पाहिलं नाही. थापत राहिले.