पांढरी राहिलेली रास

धरमतरच्या खाडीकाठी चांगदेव मिठागरात जन्मला आणि मिठागरातच म्हातारा झाला. मी त्याचा शेजारी. त्याची गोष्ट माझ्याइतकी कुणाला ठाऊक नाही.

दर उन्हाळ्याच्या अखेरीस दूर कच्छकडच्या वाळवंटातली तांबूस धूळ समुद्र ओलांडून आमच्याकडे येई. एरवी ती दिसायचीही नाही. पण मिठाच्या पांढऱ्या राशीवर सकाळी हात फिरवला की बोटं तांबडी होत. मग चांगदेव हाक देई, "मचवे वर ओढा रे!" सगळे आपल्या शिडाच्या होड्या काठावर घेत, आणि थोड्याच दिवसांत समुद्र खवळे. सारी खाडी त्याच्या बोटांवर विसंबून होती.

तेहेतीस सालच्या उन्हाळ्यात धूळ आलीच नाही. चांगदेवचा एकुलता एक मुलगा नामा मुंबईच्या शेवटच्या खेपेसाठी मचव्यात मीठ भरत होता.

"वारा फिरलाय. पोराला धाडू नका," चांगदेवची बायको भागुबाई त्याला म्हणाली.

"रास पांढरी हाय ना अजून?" चांगदेव म्हणाला.

"राशीला काय कळतंय?"

"आनि तुझ्या गुडघ्याला कळतंय व्हय? ठणकला की तुला वादळ दिसतंय!"

नामा हसला. "आये, परवा येतो. चिंबोऱ्या राखून ठेव."

तिसऱ्या दिवशी वादळ आलं. मचव्याचं सुकाणू करंज्याच्या किनाऱ्याला लागलं. नामा लागला नाही. पावसाने रासही विरघळली. ती शेवटपर्यंत पांढरीच होती.

दिवाळीनंतर एक कच्छी तांडेल आपल्या गलबतातून कौलं घेऊन खाडीत आला. चांगदेवने त्याला धुळीचं विचारलं.

"चाचा, यंदा उन्हाळ्यात आमच्याकडे अवेळी पाऊस झाला. वाळूत गवत उगवलं. धूळ उडणार कुठून? वारा तर एकच, तिकडचा नि तुमचा. तो तिथं फिरला, म्हणून इथंही लवकर फिरला."

चांगदेवने एक कौल उचलून पुन्हा जागेवर ठेवलं.

"म्हंजे तुमच्या बकऱ्यांना चारा मिळाला?"

"पोटभर."

"बरं झालं," तो म्हणाला, आणि उठून गेला.

पुढच्या उन्हाळ्यात धूळ वेळेवर आली. पहाटे भागुबाई मिठागरावर गेली, तर चांगदेव राशीशी बसलेला. बोटं तांबडी, हाक मात्र दिलेली नाही.

"आता आलीस व्हय?" तो धुळीला विचारत होता.

भागुबाईने पदराने त्याची बोटं पुसली. मग बांधावर उभी राहून तिनेच हाक दिली, "मचवे वर ओढा रे!"