बंदरमंत्र्याचा साडू

दोह्यात बिन महमूद भागातल्या एका ऑफिसात बसून सितारा मुकादम एका चिमुकल्या बेटाच्या सरकारवर नजर ठेवायची. कोण मंत्री झाला, त्याचं कोण कुठल्या धंद्यात शिरलं, हे शोधून बँकांना सावध करायचं काम. बेट एवढंसं की अर्धं मंत्रिमंडळ एकमेकांचं सोयरं. पण श्रीवर्धनच्या बाईला सोयरीक काय शिकवायची? लग्नाच्या फोटोत नवरीशेजारी कोण उभं आहे, एवढं पाहून ती नातं सांगायची.

वर्ल्ड कपसाठी हॉटेलं उभी राहू लागली आणि फर्निचर पुरवायला त्या बेटावरचा एक व्यापारी उगवला. सितारानं लगेच कळवलं, हा बंदरमंत्र्याचा साडू आहे.

"साडू कुठे नात्यात धरतात, मॅडम?" तिचे साहेब देवव्रत हसले. "हॉटेलं वेळेत उभी राहायला हवीत. यल्ला, चला, सोडा ती फाईल."

महिन्याभरानं ऑफिसातल्या लोकांचीच तपासणी निघाली. घरात कुणी राजकारणात आहे का, असं विचारल्यावर सितारानं खरं ते सांगितलं. दीर गावचा सरपंच आहे, नळाच्या पाण्यावरून रोज शिव्या खाणारा. झालं! दुसऱ्याच दिवशी तिच्याकडून बेटाचं काम काढून घेतलं आणि तिचं बँकखातं चौकशीत अडकलं.

ती तणतणत केबिनमध्ये शिरली. "सर, सरपंच आहे तो, मंत्री नाही!"

"नियम सगळ्यांना सारखा," देवव्रत नव्या खुर्चीत रेलत म्हणाले. "आणि दीर म्हणजे तर घरातलाच माणूस."

खुर्चीवरचं प्लॅस्टिक अजून निघालं नव्हतं. त्यावर साडूच्या कंपनीचं नाव होतं.