खोकणाऱ्याला आधी बाहेर काढा

हसायचं असेल तर पोटभर हसा, पण कप आधी खाली ठेवा. मागच्या वेळी हे सांगत होतो तर एकाच्या नाकातून चहा आला, आणि त्याचं पापही माझ्याच माथी बसलं. आधीच माझ्या माथ्यावर जागा कमी! बाकीच्यांच्या हातून चुका होतात, माझ्या तोंडून होतात. हातानं केलेलं निस्तरता तरी येतं हो. तोंडानं केलेलं कुठं निस्तरणार?

तर गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटाची. मी हट्ट्याजवळच्या एका खेड्यातला, शेतकऱ्याचं पोरगं, कॉलेजसाठी हिंगोलीत खोली करून राहिलेला. वर्गात माझा नंबर कितवा होता ते विचारू नका. पण टॉकीजसमोरच्या चहाच्या टपरीवर मी म्हणजे हायकोर्ट! शुक्रवारी नवा सिनेमा लागला की पोरं तिकिटाच्या खिडकीकडं जायच्या आधी माझ्याकडं यायची.

"दिगूभाऊ, कसा हाय?"

"दहापैकी तीन. मध्यंतरानंतर झोपायला बरा."

अहो, पोरं खरंच माघारी जायची! मला सगळे 'परीक्षक' म्हणायचे आणि मी ते खुशाल म्हणू द्यायचो.

आता तुमच्यापासून काय लपवायचं? त्यातले निम्मे सिनेमे मी बघितलेलेच नसायचे. पोस्टर बघायचं, तीनचा खेळ सुटला की बाहेर पडणाऱ्यांची तोंडं बघायची आणि मार्क द्यायचे. बायका डोळे पुसत आल्या तर सात. माणसं पानटपरीवर रेंगाळली तर पाच. कुणी न बोलता सरळ सायकल काढली तर दोन.

गाण्यांच्या बाबतीत मी त्याहून कडक. स्वतःचा टेपरेकॉर्डर, एकतीस कॅसेटी, प्रत्येकीवर नंबर. दुकानात यादी देऊन निवडक गाणी भरून घेणाऱ्या लोकांना मी माणसात धरत नसे. अल्बम ऐकावा तर अख्खा, ए बाजू संपली की बी बाजू. मधलं गाणं पुढं पळवणारा माणूस कशातच भरवशाचा नाही, असं माझं ठाम मत होतं. मतं फार होती हो. दुसरं काही नव्हतंच.

ही सगळी मतं एकट्यानं सोसली ती माझ्या रूम पार्टनरनं. वसंत राठोड. डोंगरकड्याकडच्या एका तांड्यावरचा, बंजारा घरचा पोरगा. बोलायला कमी, ऐकायला कधीही तयार. उन्हाळ्यात त्याच्या बहिणीचं, जमुनाचं, लग्न ठरलं तेव्हा म्हणाला, "दिगू, तुझा टेप दे दोन दिवस. अन् तू बी ये बरं का."

टेप दिला. लग्नात गाणी वाजवणार असतील, असं समजून दिला. स्वतः मात्र गेलो नाही. काहून? त्याच शुक्रवारी मोठा सिनेमा लागत होता! टपरीवर परीक्षकच नसला तर हिंगोलीच्या पोरांनी करायचं काय? जिवाभावाच्या मित्राच्या बहिणीचं लग्न सोडून मी पोस्टर बघत थांबलो. हे आज हसत सांगतोय, पण पहिली लाज इथंच आहे.

दिवाळीच्या सुट्टीत वसंतानं मला ओढतच तांड्यावर नेलं. त्याचे वडील थावराकाका, पांढऱ्या मिशांचे, मोजकं बोलणारे. आई, म्हणजे त्यांच्यातली याडी, हाताला धरून जेवायला बसवणारी. मटणाचं कालवण अन् ज्वारीच्या भाकरी असं काही खाऊ घातलं की मला मान वळवता येईना. जेवण झाल्यावर वसंता शेतातली मोटार बघायला गेला. थावराकाका आत जाऊन रुमालात बांधलेली एक कॅसेट घेऊन आले. कव्हर कुठल्याशा गाजलेल्या सिनेमाचं, वर हिरॉइनचा फोटो.

"वसंता सांगत व्हता, तुमी गान्यातले लई जाणकार."

"लोक म्हणतात तसं," मी म्हणालो. नम्रपणा बघा!

"मंग हे ऐका. अन् बराबर सांगा, खरं सांगा. आमच्याच तांड्यावरची हाय गाणारी."

आता त्या वेळचा जमाना आठवा. ज्याच्या घरी पेटी-तबला तो कॅसेट काढायचा. बाजाराच्या दिवशी रस्त्यावर पोतं अंथरून असल्या कॅसेटी विकायला असायच्या. मला वाटलं, म्हातारा तांड्यावरच्या कुणा बाईची कॅसेट काढून विकायच्या विचारात आहे आणि तज्ज्ञाचा सल्ला मागतोय. मी मांडी सावरली. डोळे मिटले.

कोपऱ्यातल्या जुन्या टेपवर कॅसेट लागली. एका मुलीचा आवाज. त्यांच्या गोरमाटी बोलीतला, त्यामुळं मला एक अक्षर कळत नव्हतं. तबला नाही, पेटी नाही. पोरगी गाता गाता हुंदके देतेय. मध्येच शेळी ओरडतेय. आणि माईकच्या अगदी जवळ एक माणूस सारखा खोकतोय, खॉक खॉक!

एक बाजू संपली. मी डोळे उघडले.

"काका, खरं सांगू?"

"खरंच सांगा."

"रेकॉर्डिंग बेकार. कोणत्या भंगार टेपवर भरलं हे?"

काका मिशीवरून हात फिरवू लागले. मला वाटलं, लिहून घ्यावं की काय याचा विचार करतायत.

"दुसरं, म्युझिक पाहिजे. तिसरं, बाईला रडायची अ‍ॅक्टिंग जमत न्हाई. रडणं पार खोटं वाटून राहिलं."

चुलीपाशी याडीच्या हातातली उलथणी थांबली. मी म्हटलं, वा, आपलं बोलणं आतपर्यंत पोचतंय! तुम्हीच सांगा, असल्या माणसाला देव तरी कसा थांबवणार?

"खोटं?" काकांनी विचारलं.

"एकदम खोटं. सिनेमात ग्लिसरीन घालतात डोळ्यात, तसं काहीतरी करा. अन् मुख्य म्हणजे तो खोकणारा! त्याच्या तोंडात एक लवंग द्या अन् त्याला आधी बाहेर काढा. हाकला सरळ!"

"हाकलता येत न्हाई त्येला."

"काहून?"

"घर त्याचं हाय."

मी म्हणालो, "घर त्याचं असू द्या, गाणं तर बाईचं आहे ना!" आणि वर स्वतःच हसलो. मग निकाल दिला. "दहापैकी दोन. त्यातला दीड शेळीला. ती तेवढी सुरात हाय."

तेवढ्यात वसंता दारात आला. टेपकडं बघितलं, बापाच्या तोंडाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"बापूनं जमुनाची कॅसेट ऐकवली व्हय तुला?"

माझी सावरलेली मांडी सुटली.

"आमच्यात पोरगी सासरी निघाली की एकेकाच्या गळ्यात पडून रडत गाती," वसंता सांगू लागला. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक, मी काय दिवे लावलेत! "ढावलो म्हनतात त्येला. याडीचं नाव घेऊन, बापूचं, भावाचं, गोठ्यातल्या वासराचं बी. तुझ्याच टेपवर भरलं न्हाई का! बापू खोकून राहिला ना, तेवढंच जरा—"

"तुमचा खोकला होता, काका?" माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

"रडू येऊन राहिलं व्हतं," काका खाली बघत म्हणाले. "सगळ्या पाव्हन्यांम्होरं रडावं कसं? म्हनून खोकलो."

भंगार टेप माझा. खोकला बापाचा. रडणं लेकीचं. आणि शहाणा मी! जमीन दुभंगून पोटात घेते म्हणतात ना, मी बसल्या जागी चटईखाली चाचपून बघितलं. कुठं काही फट नव्हती.

शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. काकांनी कॅसेट पुन्हा रुमालात बांधली आणि विचारलं, "चा घेता ना?"

तो चहा मी कसा प्यायलो ते सांगत नाही.

हिंगोलीला परतल्यावर वसंता भांडला नाही. नेहमीसारखा बोलायचा, फक्त माझी मतं ऐकायचा बंद झाला. मी सिनेमाचं काही काढलं की पुस्तक उघडायचा. पंधरा दिवसांनी तो गावाकडं जाऊन आला आणि पिशवी खाली ठेवता ठेवता म्हणाला, "बापू आता कॅसेट लावत न्हाई."

"म्हणजे?"

"रोज लावायचा. सांजच्याला भाकर खायच्या आधी. त्या एका कॅसेटसाठी त्यानं जुना टेप इकत घेतला व्हता. आता त्याच्यावर फडकं टाकून ठेवलंय. म्हनतो, जाणकार माणसाला पोरीचं रडनं खोटं वाटलं. लावायचं भेव वाटते, मला बी तसंच वाटलं तर?"

आजवर मी सिनेमे पाडले असतील, गाणी पाडली असतील. पण लेक सासरी गेलेल्या बापाची संध्याकाळ पाडली, तीही फुकटात, भाकरी खाऊन! त्या दिवशी टपरीवर कुणीतरी विचारलं, "परीक्षक, नवा कसा हाय?" मी म्हणालो, "मला काय माहीत? मी कुठं बघितलाय!" टपरीवाल्याच्या हातातली किटली तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी डोंगरकड्याची एसटी धरली. वसंताला सोबत घेतलं नाही, त्याच्यासमोर रडलो असतो. तांड्यावर पोचेपर्यंत वाटेत मोठं भाषण जुळवलं होतं. काका दारातच दोरी वळत बसलेले. त्यांना बघितलं आणि भाषण गेलं उडत.

"काका, मी जाणकार बिणकार काही न्हाई," एका दमात सांगून टाकलं. "मी सिनेमे न बघता मार्क देतो. पोस्टर बघून! लोकांची तोंडं बघून! मला त्या दिवशी एक शब्द कळला नव्हता, तरी मी तोंड उघडलं. माझं चुकलं."

काकांनी दोरी खाली ठेवली.

"न बघता नापास करता?"

"हो."

"आमची कॅसेट तर ऐकून नापास केली. म्हंजे आमचा मान मोठाच म्हनायचा!"

आणि मिशीतल्या मिशीत असे हसले की आतून याडी बघायला आली. मी तिच्या पायाला हात लावला. तिनं माझ्या पाठीत एक गुद्दा घातला आणि भाकरी टाकायला गेली. तो गुद्दा अजून आठवतो, चांगला वजनदार होता.

जेवायच्या आधी काकांनी टेपवरचं फडकं काढलं. या वेळी ते शेजारी बसून एकेक ओळ मराठीत सांगत होते. आता ती चुलीला सांगते, माझ्यामागं याडीला तकलीफ देऊ नको. आता वासराला. "अन् आता मला," असं म्हणाले आणि खोकायला लागले. टेपमधले काका खोकतायत, बाहेरचेही खोकतायत. मी उठून पाणी आणलं. मत मात्र दिलं नाही! आयुष्यात पहिल्यांदा.

वसंताच्या आणि जमुनाच्या कानावर हे सगळं, शेळीच्या मार्कांसकट, गेलंच. जमुनानं भावाकडून निरोप धाडला, "पुढल्या खेपेला ग्लिसरीन तुमीच घेऊन या." तो निरोप मी मुकाट पदरात घेतला.

इथं संपलं असतं तर मी थोडक्यात सुटलो म्हटलं असतं. पण दोन हजारच्या पुढं, माझ्या धाकट्या बहिणीचं, मंगलचं, लग्न निघालं. आमच्या गावात, आमच्याच दारात मांडव. तोवर कॅसेटी मागं पडून सीडीचा जमाना आला होता. शूटिंगवाला परभणीहून आणलेला, डोक्यावर उलटी टोपी, पाहुण्यांना ओरडून ओरडून उभं करणारा. वसंता आलेला, त्याच्यासोबत थावराकाकाही आलेले. मी मोठा भाऊ, म्हणजे सगळा कारभार माझ्याकडं. दिवसभर मी वाघासारखा फिरत होतो.

मंगल निघाली. आईच्या गळ्यात पडली, वडिलांच्या पडली. मग माझ्याकडं वळली आणि नुसतं "दादा" म्हणाली.

समोर शंभर पाव्हणे, जीपमध्ये नवरदेव, डोळ्यावर कॅमेऱ्याचा लाईट. रडायचं कसं? मी खोकलो. एकदा, दोनदा, मग थांबेचना. खॉक खॉक खॉक! मांडवाचा खांब धरून खोकतोय!

"अरे कोण खोकून राहिलं तिथं?" शूटिंगवाला खेकसला. "सगळा आवाज माईकात जाऊन राहिला! त्या माणसाला जरा बाहेर काढा हो!"

"हाकलता येत न्हाई त्येला," मागून शांत आवाज आला.

"काहून न्हाई येत?"

"घर त्याचं हाय," थावराकाका म्हणाले.

मग ते पुढं आले, कोपरीच्या खिशातून पानाची चंची काढली, तीतून एक लवंग शोधली आणि माझ्या तळहातावर ठेवली. मी लवंग तोंडात टाकली आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. निदान आता पाणी कशानं आलं ते सांगायला लवंग तरी होती.

वसंतानं माझ्या खांद्यावर हात टाकला आणि कानात हळूच म्हणाला, "परीक्षक, दहापैकी दोन. त्यातला दीड लवंगेला."

मी मान खाली घातली. मार्क बराबर होते.