एक मिनिट गप्प बसा

आमची ही, म्हणजे तेजल, आशा सेविका आहे. भाट्याच्या मच्छीमार वस्तीतली दीडशे घरं तिच्याकडे. मी रिक्षा चालवतो, म्हणजे सरकारने न नेमलेला तिचा ड्रायव्हर. आठ वर्षं झाली. कुठलंही पोर दिसलं की तेजल त्याचं तोंड बघत नाही, छाती बघते. माझ्या चुलतभावाच्या लग्नात जेवण सोडून ती कुणाच्या तरी तान्ह्याचे श्वास मोजत बसली होती. लाज आणली नुसती.

मोजायला लागतं काय? एक घड्याळ आणि मिनिटभर शांतता. घड्याळ तिच्याकडे आहे. शांतता अख्ख्या वस्तीत कुणाकडे नाही.

गेल्या महिन्यात चंपाकाकीचा नातू ऋत्विक खोकायला लागला. नऊ महिन्यांचं पोर. काकी मासळी विकते, तिचा मुलगा नितेश बोटीवर गेलेला, आणि सून शमिका सासूसमोर तोंड न उघडणारी. आम्ही पोचलो तेव्हा काकी पोराच्या छातीला कापराचं तेल चोळत होती. मी दारातच रिक्षात बसून राहिलो. तेजलने आधी ते चोळणं बंद करायला लावलं, आणि तिथेच ठिणगी पडली.

"सर्दी हाय गो नुसती. आमी काय पोरं वाढवली नाय?"

तेजलने पोराला शमिकाच्या मांडीवर ठेवलं, झबलं वर केलं आणि घड्याळ धरलं. वीस सेकंद झाली असतील, शेजारीण आत आली आणि फोनवर कांद्याच्या रसाचा व्हिडिओ मोठ्याने लावला. पोर दचकून रडलं. रडताना मोजून उपयोग नसतो. ते निवल्यावर पुन्हा सुरुवात. आता काकीने त्याला गुदगुल्या केल्या, हसतंय का बघायला. ते हसलं नाही. तिसऱ्यांदा मोजताना हॉर्न वाजला. हो, मीच वाजवला. स्टेशनचं भाडं ठरलं होतं.

"हॉर्न उपटून फेकीन तुमचा!" तेजल किंचाळली. "एक मिनिट मागतेय, एक! तेवढंही देता येत नाही कुणाला?"

एवढ्या ओरडण्याने पोर रडलं नाही. मघाशी व्हिडिओने दचकलेलं पोर आता नुसतं पडून होतं. तेव्हा मला भीती वाटली.

चौथ्यांदा मिनिट पुरं झालं. बासष्ट श्वास भरले. या वयात पन्नास झाले तरी दवाखाना गाठायचा असतो. शिवाय श्वास घेताना त्याच्या बरगड्यांखाली खड्डा पडत होता.

"उद्या नितेश येतोय, मग बघू," काकी म्हणाली.

"उद्यापर्यंत हा राहील का, ते सांग मला," तेजल म्हणाली आणि शमिकाला हाताला धरून उठवलं. काकी बडबडत मागून रिक्षात चढली. स्टेशनचं भाडं गेलं.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी विचारलं, "कधीपासून असं?"

"आजच सकाळपासून," काकी म्हणाली.

"नाय," शमिका बोलली. सासूकडे तिने बघितलंसुद्धा नाही. "परवापासून धाप लागते. कालपासून दूध पण घेत नाय."

डॉक्टरबाईंनी पोराच्या अंगठ्याला ऑक्सिजन बघायचा चिमटा लावला आणि नर्सला हाक मारली. न्यूमोनिया होता. एक दिवस उशीर झाला असता तर कठीण होतं, असं त्या म्हणाल्या.

सहा दिवसांनी ऋत्विक घरी आला. पुढच्याच आठवड्यात आम्ही बाजारातून जात होतो, तर काकी पाटीसमोर बसून गिऱ्हाइकांना सांगत होती, "माजा नातू, श्वास लागलेला मीच वळखला! तसाच उचलून नेला मी!"

माझं टाळकंच फिरलं. रिक्षा थांबवून उतरतच होतो, तेजलने शर्ट धरला.

"सांगू दे. माझं ऐकतंय कोण? तिचं पन्नास बायका ऐकतील."

समोर एक तरुण बाई कडेवरचं पोर सावरत ऐकत होती. काकीने सुरी बाजूला ठेवली, त्या पोराचं झबलं वर केलं आणि म्हणाली, "हितं बघायचं. खड्डा पडला तर नवऱ्याची वाट बघायची नाय."

राग माझा अजून गेलेला नाही. पण ती बाई वाकून बघत होती.